पाच अंशांची कोयरी

आम्हा चंद्रपूरकरांना सागवानाचे कौतुक कोणी सांगायला नको! २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा गावाची छाती गजभर फुगली होती. पण माझ्या सागवानाचे मोल निराळेच. गडचिरोली जिल्ह्यातले, आलापल्लीचे आईचे माहेरघर गेल्या वर्षी पाडले. तिथल्या दाराची एक फळी मी उचलून आणली. तिच्यातून दोनच चांगले तुकडे निघाले. त्यांवर कोयरी उठवून दिवाळीला एक आईला व एक मावशीला द्यायचा, असा बेत ठरला.

उठवायची म्हणजे चिकटवायची नव्हे, बरे का! स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पात्याची, जाळीकामाची यांत्रिक करवत. तिचे टेबल पाच अंश कलते करायचे. सरळ कापली तर कोयरी आरपार निसटेल. तिरकी कापली, की तिचा तळ माथ्याहून रुंद होतो. मग खालून दाबली की ती वर येते आणि आपोआप घट्ट बसते. पात्याची फट ०.६ मिलिमीटर असेल, तर कोयरी सुमारे ७ मिलिमीटर उठते. मौज अशी, की कल कमी केला तर ती जास्त उठते. तीन अंशांत जवळजवळ ११! पाते ओवायचे भोकही तितकेच तिरके हवे.

एवढे पाठ करूनही मी फसलो. कोयरीच्या शेंड्याशी वळण अरुंद. मी पाते मागे घेतले आणि उरलेली बाजू उलट दिशेने कापली. दाबून पाहतो, तर एक कड घट्ट आणि दुसरी सैल!

शेजारी एक म्हातारे वाढई राहतात. सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात. तुकडा पाहून ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही दिशा बदलली, तसा उतारही बदलला. कोयरी पात्याच्या एकाच बाजूला पाहिजे. वळणावर थांबा, फळी हळू फिरवा."

दुसरा तुकडा टेबलावर ठेवताना हात थरथरत होते. तिसरा नव्हताच! शेंड्याशी थांबलो, फळी फिरवली. कोयरी वर आली आणि घट्ट बसली.

आईपुढे दोन्ही ठेवून चूक कबूल केली. चांगली कोयरी तिने मावशीसाठी बाजूला काढली. वाकडीवरून हात फिरवीत म्हणाली, "आमचं दारही एका बाजूनं असंच अडायचं रे!"