सात किलोचं माप

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात तोफांचा सराव असला की आधी आजूबाजूच्या गावांना सूचना जाते: अमुक दिवशी रेंजमध्ये जाऊ नका, गुरं सोडू नका. मग धमाके सुरू होतात आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात. 155 मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा साधारण 43 किलोचा, सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा हलका. त्यातलं स्फोटक जेमतेम 7 किलो. तेवढ्यानं पोलादी कवचाच्या ठिकऱ्या होतात आणि आसपास उभा असलेला माणूस वाचत नाही.

हे 7 किलो माप म्हणून हाती धरू.

6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ताकद सुमारे 15,000 टन टीएनटीची. म्हणजे आपले 21 लाखांवर गोळे. कारगिलच्या अख्ख्या युद्धात आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. तशी आठ युद्धं एका क्षणात. हे गोळे दहा टनी ट्रकांत भरले, तर एकामागे एक लावलेल्या ट्रकांची रांग देवळालीहून मुंबईच्या जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत पोचेल. आणि एवढ्या ऊर्जेसाठी प्रत्यक्षात नाहीसं झालेलं द्रव्य किती? सुमारे 0.7 ग्रॅम. एक बेदाणा.

आता 30 ऑक्टोबर 1961. सोव्हिएत संघानं नोवाया झेमल्या बेटांवर ‘झार बॉम्ब’ फोडला. ताकद 50 मेगाटन, म्हणजे आपले 714 कोटी गोळे. त्या वेळी जगात तीनशे कोटींच्या आसपास माणसं होती. माणशी दोन गोळे वाटूनही उरले असते. एकच तोफ रात्रंदिवस मिनिटाला एक गोळा डागत राहिली, तर हा साठा संपायला साडेतेरा हजार वर्षं लागतील. माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधीपासून ती धडधडत असायला हवी होती.

हा बॉम्ब घडवणाऱ्यांत आंद्रेई साखारोव्ह होते. मला त्यांच्यापाशी थांबावंसं वाटतं, कारण त्यांनी मेगाटनांचा हिशेब माणसांत केला. नोव्हेंबर 1955 मध्ये त्यांच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी यशस्वी झाली. रेंजपासून दूर एका गावात निवारा कोसळून दोन वर्षांची मुलगी मेली. खंदकात एक सैनिक गेला. त्या रात्रीच्या मेजवानीत साखारोव्ह यांनी प्याला उचलून म्हटलं, हे बॉम्ब फक्त चाचणीच्या मैदानावर फुटोत, शहरांवर कधीच नकोत. उत्तरादाखल मार्शल नेदेलिन यांनी एक अश्लील गोष्ट सांगितली. तिचा अर्थ साखारोव्ह यांना नीट कळला: बॉम्ब तुम्ही करा, कुठे टाकायचा ते आम्ही बघू.

मग त्यांनी आकडेमोड केली. स्फोटातले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळून कार्बन-14 तयार होतो. तो झाडांत, तिथून अन्नात, अन्नातून आपल्या शरीरात येतो. 1958 मध्ये त्यांनी मांडलं की हजारो वर्षांत मिळून प्रत्येक मेगाटनमागे सुमारे 10,000 माणसं बळी जातील. तोवर साधारण 50 मेगाटनांच्या चाचण्या झाल्या होत्या, म्हणजे पाच लाख माणसं. कुणाची नावं नाहीत, कुणाच्या दाखल्यावर ‘बॉम्ब’ असं कारण नाही. आणि हे सगळं ठाऊक असताना तीन वर्षांनी त्यांनी 50 मेगाटनांचा एकच बॉम्ब तयार केला. माझ्या मनाला हे फार लागतं. आकडा त्यांनीच काढला होता, तरी हात थांबला नाही.

आपल्याकडे दामोदर कोसंबी त्याच सुमारास अणूपेक्षा सूर्याची ऊर्जा घ्या असं लिहीत होते, तेही देशाचा अणुकार्यक्रम उभारणाऱ्या होमी भाभांच्याच टाटा संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना. पदावर असून असं बोलायला छाती लागते.

साखारोव्हही पुढे उघड बोलले. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या मॉस्को करारासाठी त्यांनी खटपट केली. बौद्धिक स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या 1968 च्या त्यांच्या निबंधानंतर त्यांना गुप्त कामातून काढलं गेलं. 1975 चं शांततेचं नोबेल घ्यायला त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही.

देवळालीच्या रेंजला हद्द आहे, सरावाला ठरलेली वेळ आहे. त्या अणुचाचण्यांचा कार्बन वाऱ्याबरोबर साऱ्या जगात गेला. नाशिकच्या द्राक्षांत, बाजरीत, आपल्या हाडांत त्याचा अंश आहे. तो अर्धा व्हायला 5,730 वर्षं लागतात. त्यातली साठ-पासष्ट झाली.