श्वास मोजल्याशिवाय धोरण नाही

हवेची शुद्धता पर्यावरण खात्याकडे, चुलीचे इंधन पेट्रोलियम मंत्रालयाकडे, कारखान्यातील धूळ कामगार विभागाकडे आणि धाप लागलेला रुग्ण आरोग्य खात्याकडे अशी वाटणी झाली असताना, या सर्वांचा परिणाम ज्या एका अवयवावर होतो त्या फुप्फुसाचा हिशेब मात्र कोणाच्याच दप्तरात नाही.

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि रक्तातील साखर तपासण्याची पट्टी आता गावपातळीवरील आरोग्यसेवेचा भाग झाली आहे; परंतु माणूस एका दमात किती हवा आणि किती वेगाने बाहेर सोडू शकतो, हे पाहण्याची सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातही सहसा आढळत नाही. या उणिवेची किंमत किती मोठी आहे, याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक अभ्यासावरून येतो. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होत जाण्याचा दीर्घकालीन विकार, १९९० मध्ये देशातील सुमारे २ कोटी ८१ लाख लोकांना होता आणि २०१६ मध्ये ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेली. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा सुमारे १८ टक्के असला, तरी दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे जगाने गमावलेल्या निरोगी आयुष्याच्या वर्षांपैकी जवळपास ३२ टक्के भारताच्या वाट्याला आली होती.

हानी होते, पण जाणवत नाही

फुप्फुसांची क्षमता जन्मापासून वाढत जाऊन साधारणतः विशी-पंचविशीत शिखर गाठते आणि त्यानंतर निरोगी माणसातही ती दरवर्षी थोडी थोडी घटते. बालपणी धुरात किंवा वारंवारच्या न्यूमोनियात ज्याची वाढ खुंटली, त्याचे शिखरच ठेंगणे राहते. ज्याचा श्वास पुढे तंबाखूच्या किंवा सरपणाच्या धुराच्या अथवा खाणीतल्या धुळीच्या संपर्कात येतो, त्याची घसरण वेगाने होते. फुप्फुसांत निसर्गाने राखीव क्षमता भरपूर ठेवली असल्यामुळे ही घसरण बराच काळ कळत नाही आणि जिना चढताना किंवा हंडा उचलताना धाप लागू लागते, तोवर बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. सीओपीडीमध्ये श्वासनलिकांच्या अस्तराला सतत सूज राहते आणि जिथे प्राणवायू रक्तात मिसळतो त्या वायुकोशांच्या नाजूक भिंती नष्ट होतात. दम्यातही नलिका आकुंचन पावतात, पण योग्य औषधाने त्या बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. म्हणून दोन्हींत खोकला आणि धाप ही लक्षणे सारखी दिसली, तरी उपचारांची दिशा वेगळी ठरते.

हा फरक ओळखण्याचे साधन नवे नाही. लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटर हे श्वासमापक यंत्र मांडले आणि दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास त्यावर मोजून दाखवला. आज या तपासणीत रुग्णाला छाती भरून श्वास घेऊन पूर्ण जोराने फुंकायला सांगतात. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा वाटा ७० टक्क्यांहून कमी असेल, तर मार्गात कायमचा अडथळा असल्याचे मानले जाते. आजाराच्या आरंभी छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो आणि स्टेथोस्कोपमधूनही काही ऐकू येईलच असे नाही, त्यामुळे फुंकून घेतलेल्या या मोजणीला दुसरा पर्याय नाही.

विडी न ओढणाऱ्यांचा आजार

सीओपीडी हा धूम्रपान करणाऱ्यांचाच आजार आहे, ही समजूत पाश्चात्त्य देशांतील संशोधनातून रूढ झाली आणि तिथे ती बव्हंशी खरीही आहे. भारतात मात्र २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखूसेवन सर्वेक्षणानुसार धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के होते आणि महाराष्ट्रात, जिथे तंबाखू मुख्यतः मळून, चघळून किंवा मिश्रीच्या रूपाने वापरली जाते, हे प्रमाण ४ टक्क्यांच्याही आत होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने जगाचे लक्ष याच गोष्टीकडे वेधले की, सीओपीडीच्या रुग्णांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जणांनी कधीच धूम्रपान केलेले नसते आणि चूल, शेण्या, सरपण यांच्या धुरात जगणाऱ्यांची संख्या तेव्हा सुमारे तीन अब्ज होती. वर उल्लेखिलेल्या भारतीय अभ्यासातही सीओपीडीच्या भारापैकी सुमारे ५४ टक्के घरातील व बाहेरील हवेच्या प्रदूषणाशी, सुमारे २५ टक्के तंबाखूशी आणि १६ टक्क्यांहून थोडा अधिक कामाच्या ठिकाणच्या धूळ-वायूंशी जोडला गेला. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइलही या यादीत येते. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

याचा अर्थ तंबाखूविरोधी कायदा गौण आहे असा नाही. २००३ चा कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासूनची सार्वजनिक ठिकाणांवरील धूम्रपानबंदी आणि वेष्टनाच्या ८५ टक्के भागावरील सचित्र इशारा ही पावले आवश्यकच होती; परंतु आजाराचे मूळ जिथे अर्ध्याहून अधिक हवेतच आहे, तिथे व्यक्तीला व्यसन सोडण्याचा उपदेश करून शासनाची जबाबदारी संपत नाही.

हवा सुधारली की फुप्फुसे सुधारतात

आयर्लंडच्या सरकारने सप्टेंबर १९९० मध्ये डब्लिन शहरात धूर ओकणाऱ्या बिटुमिनस कोळशाच्या विक्रीवर बंदी घातली. पुढील सहा वर्षांत हवेतील काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला आणि श्वसनविकारांनी होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. दक्षिण कॅलिफोर्नियात वाहने आणि उद्योगांवरील कठोर नियमांच्या काळात वाढलेल्या मुलांच्या तीन तुकड्यांची फुप्फुसे वर्षानुवर्षे मोजली गेली, तेव्हा १५ व्या वर्षी फुप्फुसक्षमता फारच कमी असलेल्या मुलांचे प्रमाण सुरुवातीच्या ७.९ टक्क्यांवरून अखेरच्या तुकडीत ३.६ टक्क्यांवर आल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. धोरणाचा परिणाम या दोन्ही ठिकाणी सिद्ध करता आला, कारण तिथे हवेबरोबर माणसांचीही नोंद ठेवली गेली होती.

भारतातील धोरणांची मापे मात्र वेगळी आहेत. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतील आठ कोटीवी गॅसजोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये देण्यात आली आणि पुढे ही संख्या दहा कोटींच्या वर गेली. ग्रामीण स्त्रीच्या श्वासासाठी याहून मोठे पाऊल क्वचितच उचलले गेले असेल. परंतु २०२३-२४ मध्ये योजनेतील कुटुंबांनी वर्षाला सरासरी चारही सिलिंडर पुरते भरून घेतले नाहीत, म्हणजे अनेक घरांत गॅसच्या शेजारी चूल पेटतच राहिली. धुराचा संपर्क थोडा घटल्याने फुप्फुसाचा लाभही थोडाच होतो, म्हणून योजनेचे यश जोडण्यांच्या संख्येवरून न ठरवता चूल किती दिवस थंड राहिली यावरून ठरवणे भाग आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून अन्नपूर्णा योजनेतून मिळणारे वर्षाचे तीन मोफत सिलिंडर हे या दृष्टीने केवळ अनुदान नसून श्वसनरोगाच्या प्रतिबंधावरील खर्च ठरतात.

शहरांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुढे १३१ शहरे आली आणि त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे १९, महाराष्ट्रातील आहेत. कार्यक्रमाची प्रगती प्रामुख्याने पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांवरून जोखली जाते. त्यामुळे पैसाही मोठ्या प्रमाणात रस्त्यावरची धूळ झाडण्यावर आणि पाणी शिंपडण्यावर खर्च होतो. ज्वलनातून निघणारे २.५ मायक्रॉनहून लहान कण नाक-घशात न अडकता थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि अधिक घातक ठरतात, तरीही निधीवाटपात त्यांना मुख्य निकषाचे स्थान मिळालेले नाही. या कणांची वार्षिक सरासरी मर्यादा भारतात २००९ पासून प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी ५ आहे.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे, हिरवे कापड आणि राडारोडा झाकून नेण्याची सक्ती केली आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरील बेकरीभट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. हे निर्णय योग्य दिशेचे आहेत. परंतु छोट्या बेकरीवाल्याला भट्टी बदलण्यासाठी भांडवल आणि बांधकामावरच्या मजुराला योग्य मुखपट्टी व नियमित तपासणी मिळाली, तरच या निर्णयांचा भार दुर्बळांवर न पडता लाभ सर्वांपर्यंत पोचेल.

पहिल्या दवाखान्यात काय घडते

चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ रोजी देशातील ८८० शहरे व गावांतील ७,४०० डॉक्टरांकडून त्या एका दिवसाच्या रुग्णांची नोंद घेतली. दोन लाखांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जण श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. एवढ्या मोठ्या गर्दीवरचा उपचार मोजणीशिवाय होतो, तेव्हा साहजिकच खोकल्याचे पातळ औषध, प्रतिजैविक आणि तात्पुरत्या आरामाची सुई यांचा आधार घेतला जातो आणि दर हिवाळ्यात उसळणारी ढास ‘हवामान बदलल्यामुळे’ म्हणून सोडून दिली जाते.

उपचार उपलब्ध असूनही नाकारला जाण्याचे एक कारण म्हणजे इन्हेलरविषयीची भीती. ‘पंपाची सवय लागते’ किंवा ‘तो शेवटचा उपाय आहे’ असे घरोघरी मानले जाते, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत तो लपवला जातो. प्रत्यक्षात साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते आणि इन्हेलरचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीच्या विसाव्या किंवा चाळिसाव्या हिश्श्याचा. औषध थेट श्वासनलिकेत उतरत असल्याने तेवढ्यावर काम भागते आणि हृदयाची धडधड, हातांचा कंप हे त्रासही कमी होतात. मात्र दम्यात केवळ असा तात्पुरता आराम देणारा फवारा वापरत राहणे धोक्याचे असते, कारण नलिकांची सूज तशीच राहते. त्यामुळे सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडविना तो एकटा वापरू नये, अशी शिफारस दम्यावरील जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ पासून करण्यात आली. ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आहेत, पण सूचीतील औषध गावच्या केंद्रात वर्षभर मिळणे ही वेगळी हमी आहे आणि रुग्णाला खरी गरज तिचीच असते.

क्षयरोगातून बरे झालेल्यांचा प्रश्न याहूनही दुर्लक्षित आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असून सहा महिन्यांच्या औषधांनंतर थुंकीतील जंतू नाहीसे झाले की नोंदवहीत रुग्ण ‘बरा’ होतो. पण जखमेचे वण राहिलेले फुप्फुस अनेकांना आयुष्यभर धाप देत राहते आणि त्या धापेला पुन्हा क्षयरोग समजून तीच औषधे नव्याने सुरू होण्याचा धोका असतो. उपचार संपल्याच्या दिवशी एकदा श्वास मोजला, तरी ही चूक टळू शकते.

फिनलंडने काय केले

फिनलंडने १९९४ मध्ये दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्या देशाकडे कोणतेही गुप्त औषध नव्हते. लवकर निदान, सुरुवातीपासूनच सूज उतरवणारे औषध, रुग्णाला स्वतःचा आजार सांभाळण्याचे शिक्षण आणि धूम्रपानासारख्या त्रासदायक घटकांत घट ही त्याची सूत्रे होती. त्यासाठी प्राथमिक केंद्रांतील डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांचे देशभर जाळे उभारून प्रत्येकाला प्रशिक्षण देण्यात आले. त्या काळात दम्याच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या वाढली, तरी त्यांचे रुग्णालयातील एकूण दिवस १९९३ मधील सुमारे १ लाख १० हजारांवरून २००३ मध्ये ५१ हजारांवर आले, दम्यामुळे अपंगत्व-निवृत्तिवेतन घेणारे सुमारे तीन चतुर्थांशाने घटले आणि प्रत्येक रुग्णामागचा वार्षिक खर्चही एक तृतीयांशाहून अधिक उतरला. निदान वाढवल्याने खर्च वाढतो, या प्रशासकीय भीतीला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

दोन धोरणांची सांगड

महाराष्ट्राला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून सीओपीडी आणि दम्याचा समावेश झाला आहे आणि आशा स्वयंसेविका तिशीपुढील प्रत्येकासाठी जो तपासणी-अर्ज भरते, त्यात धाप, खोकला, स्वयंपाकाचे इंधन आणि कामावरची धूळ यांविषयीचे प्रश्न आधीच आहेत. उणीव आहे ती उत्तर ‘होय’ आल्यानंतरच्या पुढच्या पावलाची. उपकेंद्रात फुंकण्याचा वेग दाखवणारी साधी, स्वस्त नळी, ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमीटर आणि ते नीट हाताळणारी प्रशिक्षित व्यक्ती, केंद्रात इन्हेलरचा अखंड साठा आणि तो कसा ओढावा हे हात धरून शिकवणारी परिचारिका, तसेच क्षयरोग, दमा, सीओपीडी आणि न्यूमोनिया यांचा एकत्रित विचार करणारी उपचारपद्धती, एवढ्या गोष्टी सरकारच्या आवाक्यातल्या आहेत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने फुप्फुसांच्या आरोग्याकडे असे एकात्मिक दृष्टीने पाहण्याचा ठराव मंजूर केला आहे.

अशी मोजणी तालुक्यातालुक्यांत होऊ लागली, तर तिचा उपयोग रुग्णापुरता राहणार नाही. गॅस सिलिंडर मिळालेल्या गावातील स्त्रियांचा श्वास सुधारला का, बेकरीभट्टी बदललेल्या वस्तीतील मुलांची फुप्फुसे अधिक वाढली का, खडीक्रशरवर पाणी मारण्याची सक्ती मजुरापर्यंत पोचली का, यांची उत्तरे धूलिकणांच्या आकड्यांनी अर्धवटच मिळतात; ती पूर्ण होतात माणसांच्या फुप्फुसांवरून. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल आणि आरोग्य खात्याची नोंदवही एकाच टेबलावर ठेवणे, आणि हवेवर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयाचा जाब श्वासाच्या मोजमापातून मागणे, ही राज्याच्या पुढील आरोग्यधोरणाची पहिली अट असली पाहिजे.