आमची बोट पळेना का?

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावाला, जेऊरला गेलो होतो. किल्ला केला, फटाकेही थोडे उडवले; पण जास्त दिवस गेले ते एका बोटीपायी. शाळा उघडल्यावर मी ती हकिकत वर्गात सांगत होतो, तर गुरुजी म्हणाले, "नुसतं तोंडानं नको सांगू, भित्तिपत्रकात लिही." म्हणून लिहीत आहे.

बोट खेळण्यातलीच. लांबी ३८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मोठ्या पट्टीपेक्षा जराशी जास्त. पोटात एक मोटार, बॅटरी आणि एक छोटे सर्किट. मागे पाण्यात एक पंखा आणि एक सुकाणू. आपण काठावर उभे राहून रिमोट दाबायचा. रिमोटमधून रेडिओलहरी निघतात, बोटीतली एरियलची तार त्या पकडते आणि सर्किट दोन कामे करते : मोटार किती जोरात फिरवायची ते ठरवते आणि सुकाणू डावीकडे की उजवीकडे ते ठरवते. मध्ये दोरी नाही, तार नाही.

ही युक्ती आजकालची नव्हे बरं का. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर बिनतारी चालणारी छोटी बोट पाण्याच्या हौदात चालवून दाखवली होती. तीही बॅटरीवर चालणारी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. तेव्हा घराघरांत रेडिओसुद्धा आलेला नव्हता. बघणाऱ्यांना जादूच वाटली असेल.

आता आमच्या बोटीकडे येतो. माझा थोरला भाऊ तंत्रनिकेतनात शिकतो. त्याला वेगाचे भारी वेड. त्याने मूळची मोटार काढून जास्त ताकदीची मोटार बसवली. मोटारीचा आस आणि पंख्याचा दांडा जोडायला पितळेचा एक तुकडा लागत होता. आमचे बाबा नागापूरच्या एम.आय.डी.सी.त लेथवर काम करतात. त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून तो तुकडा करून आणला. देताना एवढेच म्हणाले, "दोन्ही दांडे एका रेषेत बसव. वाकडं बसलं तर नुसतं थरथरंल, पळायचं न्हाई." दादाने तो नीट बसवला आणि सोबत मोठा पंखाही लावला. मोठी मोटार, मोठा पंखा, मग वेगही मोठा, असा त्याचा हिशोब.

चाचणी कुठे घ्यायची हा प्रश्न होता. सीना नदी आमच्या नागापूरजवळूनच जाते, पण वाहत्या पाण्यात हिशोब चुकतो. प्रवाहाबरोबर बोट जास्त पळते, उलट दिशेला कमी. त्यामुळे मामाचे शेततळे बरे. ते ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आहे आणि दिवाळीत जवळजवळ काठोकाठ भरलेले होते. कांद्याला पाणी त्यातूनच देतात. आम्ही काठावर १५ मीटर अंतरावर दोन काठ्या रोवल्या. पहिल्या काठीसमोर बोट आली की घड्याळ सुरू, दुसरीसमोर आली की बंद. वाऱ्याच्या बाजूने आणि वाऱ्याच्या उलट अशा फेऱ्या घेऊन त्यांची सरासरी काढायची. घड्याळ दाबायला माझे बोट थोडे पुढेमागे होतेच, त्यामुळे एकाच फेरीवर विश्वास ठेवता येत नाही.

मोटार बदलण्याआधी मूळच्या बोटीला ६ सेकंद लागले होते. १५ भागिले ६ म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात, ते आले ९. (३.६ कुठून आले? तासात ३६०० सेकंद, किलोमीटरमध्ये १००० मीटर.) आता नवी मोटार आणि मोठा पंखा लावून बोट सोडली. लागले साडेसात सेकंद! म्हणजे ताशी ७.२ किलोमीटर. एवढा खर्च करून बोट आधीपेक्षा हळू. दादाचे तोंड बघण्यासारखे झाले होते. झाकण उघडले तर मोटारीला बोट लावता येईना, एवढी तापलेली.

मामा म्हणाले, "रिकाम्या गाडीचा बैल पळतो. उसाची गाडी भरली की तोच बैल कसा चालतो?" तेच झाले होते. मोठा पंखा पाणी जास्त ढकलतो, पण त्याचे ओझे मोटारीला पेलत नाही. मग तिचे फेरे कमी होतात, ती बॅटरीतून वीज जास्त ओढते आणि त्या विजेची उष्णता होते. आम्ही जुना छोटा पंखा परत लावला. दुसरे काहीही बदलले नाही. वेळ आली ४ सेकंद, म्हणजे ताशी साडेतेरा.

तरी एक खोड राहिली होती. जोर दिला की बोटीचे नाक वर आणि ढुंगण पाण्यात. नांगर ओढावा तशी ती पाणी ओढत जायची. जोरात पळणारी बोट पाणी कापत जात नाही, ती पाण्यावरून घसरत जाते. चपटा दगड तिरका फेकला की टप्पे घेत जातो, तसे समजा. त्यासाठी वजन योग्य जागी लागते. आमची बॅटरी फार मागे होती. ती एक सेंटिमीटर पुढे सरकवली, बरे वाटले. दोन सेंटिमीटर सरकवली, बोट अशी सुटली की मामेभाऊ ओरडलाच. तीन सेंटिमीटर केली, तर नाक पाण्यात घुसले आणि आत पाणी गेले. दोनच बरोबर. प्रत्येक खेपेला मी वहीत लिहीत होतो, नाहीतर कशाने काय झाले ते कळले नसते.

आत पाणी गेले तेव्हाचीच गोष्ट सांगायची आहे. आम्ही बोट पुसली, झाकण लावले आणि पुन्हा सोडली. तळ्याच्या मध्यावर ती बंद पडली. रिमोट किती दाबला, काही नाही. मामेभाऊ चौथीत आहे, पोहायला येते असे म्हणतो. त्याने चपला काढल्या आणि उतारावर पाय टाकला. दादाने त्याचा सदराच धरला. तोवर मामी कांद्यातून धावत आली. "ए! मागं व्हय! प्लास्टिक हाय ते!" असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

शेततळ्याला पाणी जिरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरते. उतार साबणासारखा गुळगुळीत होतो. नदीत पायाला दगड लागतो, विहिरीत पायरी असते, इथे धरायला काहीच नाही. पोहणारा माणूससुद्धा काठाशी येऊन वर चढू शकत नाही, हात घसरतच राहतात. पाणी ३ मीटर खोल, म्हणजे मामासुद्धा बुडतील. मामीने आम्हा तिघांना बांधावर बसवले आणि सांगितले, बोट गेली तरी चालेल.

बोट गेली नाही. वारा होता. तो तिला हळूहळू पलीकडच्या काठाला घेऊन गेला. पाऊण तास लागला. मामांनी लांब बांबूला आकडी बांधून वरूनच ती ओढली.

झाकण उघडल्यावर कारण सापडले. एरियलची तार सुटून बोटीच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात पडली होती. या रिमोटच्या लहरी हवेतून लांब जातात, पाण्यातून मात्र जात नाहीत. बोट बिघडली नव्हती, बहिरी झाली होती. दादाने शीतपेयाची नळी झाकणावर उभी चिकटवली आणि तार तिच्यातून वर काढली. दांड्याच्या भोकात ग्रीस भरले, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावली, नाकात थर्माकोलचे तुकडे कोंबले. आता उलटली तरी तरंगते.

बॅटरीविषयी पालकांसाठी एक गोष्ट लिहितो. ती लिथियमची आहे, मोबाइलमध्ये असते त्या जातीची. तापलेली असताना चार्जिंगला लावायची नाही, रात्रभर लावून झोपायचे नाही, आणि फुगली तर वापरायची नाही; ती पेट घेऊ शकते. आमच्याकडे ते काम दादाच करतो.

शेवटच्या दिवशी तीन फेऱ्यांची सरासरी ३ सेकंद आली. ताशी १८ किलोमीटर, मूळच्या दुप्पट. त्याच दिवशी मामांनी तळ्यावर आडवा नायलॉनचा दोर ताणला. त्याला रिकामे कॅन बांधले आणि काठावरून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले. त्यामुळे आमच्या बोटीला वळायला जागा कमी पडते, पण मामीने ते सोडू दिले नाहीत.

मोटार अजून तापते. तिच्याभोवती तांब्याची बारीक नळी गुंडाळून त्यातून तळ्याचेच पाणी फिरवायचे असा दादाचा बेत आहे. बाबा नळी वाकवून देणार आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तळ्यात पाणी उरले तर पुन्हा काठ्या रोवू.