पेरलेल्या हिरवळीचे पाणी

घराभोवती हिरवळ करायची तर महाराष्ट्रात बहुतेक जण रोपवाटिकेतून तयार गवताचे गालिचे आणतात किंवा गवताचे तुकडे ओळीने टोचतात. बी पेरून हिरवळ करणारे थोडे. ही पद्धत सगळ्यांत स्वस्त आहे आणि चांगली साधली तर गवत त्याच मातीत मुरलेले, मजबूत निघते. ती फसते तेव्हा दोष बहुतेक वेळा बियाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात फसलेले असते पाणी. ते कमी पडलेले असते, एकदम ओतलेले असते, किंवा अंकुर दिसताच थांबवलेले असते.

आपल्या हवामानात बियापासून करायच्या हिरवळीसाठी हरळी सर्वांत भरवशाची. गणपतीला वाहतात त्या दूर्वा याच गवताच्या. हरळीचे बी मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक असते. एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे भरतात. हजार चौरस फुटांना अर्धा ते एक किलो बी पुरते. एवढ्याशा दाण्यात अन्नाचा साठा अगदी थोडा, त्यामुळे ते खोल गाडले तर अंकुर वर येण्याआधीच संपतो. बी तीन ते सहा मिलिमीटरच्या आत राहायला हवे. सगळी अडचण इथेच आहे, कारण ऊन आणि वारा मातीचा हाच थर सर्वांत आधी कोरडा करतात. चार बोटे खाली ओल असली तरी वरच्या थरातला दाणा तहानलेला असू शकतो.

पाणी मिळताच बी काही तासांत फुगते. आतला गर्भ जागा होतो आणि जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो. त्या इशाऱ्यावर दाण्यातल्या स्टार्चची साखर करणारे विकर तयार होते आणि त्या साखरेवर पहिले मूळ बाहेर पडते. मूळ फुटण्यापूर्वी बी थोडे सुकले तर ते बहुधा तग धरते आणि पुन्हा पाणी मिळताच कामाला लागते. मूळ फुटल्यावर मात्र माघार नाही. केसाएवढे ते मूळ एका कडक दुपारी वाळले तर तो दाणा कायमचा गेला. पेरणीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगवण पूर्ण होईपर्यंतचा काळ म्हणूनच सर्वांत नाजूक. या काळात जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच पाणी देण्यात ढिलाई होते.

पाण्याची सुरुवात पेरणीच्या आधी करावी. खणून, ढेकळे फोडून, कुजलेले शेणखत मिसळून जमीन सपाट केली की तिला एकदा भरपूर पाणी द्यावे, वीतभर खोल ओल जाईल इतके. मग वाफसा येईपर्यंत थांबावे. या थांबण्याचे दोन फायदे आहेत. खाली ओलीचा साठा तयार होतो, त्यामुळे पुढे वरून हलके पाणीही पुरते. शिवाय मातीतले तणाचे बी उगवून येते आणि पेरणीपूर्वीच काढता येते. विशेषतः लव्हाळ्याच्या गाठी याच वेळी वेचून घ्याव्यात. हिरवळ धरल्यावर लव्हाळा काढणे फार जिकिरीचे होते. वाफशावर दाताळ्याने वरची माती हलकी मोकळी करून बारीक वाळूत मिसळलेले बी फेकावे, निम्मे उभे आणि निम्मे आडवे. त्यावर चाळलेल्या खताचा अगदी पातळ थर द्यावा आणि हलका रोलर किंवा फळी फिरवून बी दाबून घ्यावे. हे दाबणे टाळू नये. दाण्याभोवती पोकळी राहिली तर शेजारच्या मातीतली ओल त्याच्यापर्यंत पोचत नाही.

वरून भाताचा पेंढा विरळ पसरला तर पाणी निम्म्यावर येत नसले तरी फेऱ्या नक्की कमी होतात, थेंबांचा मार बसत नाही आणि पक्षीही बी टिपत नाहीत. पेंढ्यामधून निम्मी माती दिसत राहिली पाहिजे. हरळीला उगवायला उजेड मानवतो. जाड थराखाली ती रुसते. गोणपाट अंथरायचे असेल तर पहिले अंकुर दिसताच संध्याकाळी ते काढावे, नाहीतर अंकुर त्याच्या धाग्यांत अडकून उपटले जातात.

आता प्रश्न किती पाणी द्यायचे याचा. याचे गणित सोपे आहे आणि प्रत्येकाने ते एकदा करून पाहावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. तेव्हा दोन मिलिमीटरच्या एका हलक्या पाण्याला 185 ते 190 लिटर लागतात. नळीने बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजले की किती मिनिटे पाणी द्यायचे ते कळते. तुषार सिंचनाचे फवारे बसवले असतील तर सरळ कडांचे चार-पाच सारखे डबे निरनिराळ्या ठिकाणी ठेवून पाव तास फवारे चालवावेत आणि डब्यांतले पाणी पट्टीने मोजावे. एका डब्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मे असे निघाले तर हिरवळ कुठे विरळ होणार हे पेरणीआधीच समजते.

पहिल्या दोन आठवड्यांत दर वेळी दोन-तीन मिलिमीटर आणि दिवसातून तीन वेळा, असा नेम ठेवावा. सकाळी एकदा, अकरा-साडेअकराला एकदा आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास शेवटचे. ढगाळ दिवशी एक फेरी गाळावी, कोरडा वारा सुटला तर एक वाढवावी. दुपारी पाणी दिले की गवत करपते असे अनेक जण मानतात, ते खरे नाही. पानांवरच्या थेंबांमुळे हिरवळ जळत नाही. उलट कोवळ्या अंकुरांसाठी भर दुपारचे हलके पाणीच जीवदान ठरते. टाळायचे ते रात्रीचे पाणी. रात्रभर पृष्ठभाग चिंब राहिला की पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी माजतात आणि दाट उगवलेले अंकुर बुडाशी कुजून गोल चट्ट्यांमध्ये कोलमडतात. मर लागलेली जागा पुन्हा पेरण्यावाचून इलाज नसतो.

पाणी कसे पडते यालाही तितकेच महत्त्व आहे. नळीच्या तोंडाला अंगठा लावून मारलेली धार बी उधळते आणि उताराच्या टोकाला नेऊन गोळा करते. अनेक हिरवळी एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला टकली दिसतात, त्याचे कारण हेच. लहान तुकड्याला बारीक छिद्रांची झारी उत्तम. मोठ्याला धुक्यासारखा फवारा देणारे तोंड नळीला लावावे आणि ते आकाशाकडे धरून पाणी खाली पडू द्यावे.

माती बदलली की हा नेमही बदलतो. देशावरची काळी, चिकण माती तासाला एक ते पाच मिलिमीटरच पाणी पिते. त्याहून वेगाने दिलेले पाणी साचते किंवा वाहून जाते. अशा जमिनीत तीन मिलिमीटरसुद्धा दोन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास सोडून द्यावेत. काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे साचलेले पाणी आटले की वर कडक पापुद्रा धरतो आणि नाजूक अंकुर त्याखाली दबून मरतो. पापुद्रा दिसलाच तर खुरप्याने उकरू नये. हलक्या फवाऱ्याने तो मऊ करावा. काळी जमीन पूर्ण वाळू दिली तर ती भेगाळते आणि बी भेगेत जाते. याउलट कोकण-गोव्याची जांभ्याची माती किंवा बांधकामानंतर भरलेला मुरूम पाणी झटकन खाली सोडतो. तिथे एका वेळचे प्रमाण वाढवून उपयोग नाही, फेऱ्या वाढवाव्या लागतात. मुरुमावर चार-सहा इंच चांगल्या मातीचा थर न देता पेरणी करणे म्हणजे बी आणि पाणी दोन्ही वाया घालवणे.

जमीन उबदार असली तर हरळी साधारण आठवडाभरात दिसू लागते, पण सगळे बी एकदम उगवत नाही. टरफल काढलेले बी लवकर, टरफलासकटचे उशिरा. शेवटचे दाणे तीन आठवड्यांपर्यंतही येत राहतात. पहिली हिरवी झाक पाहून पाणी तोडले तर मागचे सगळे दाणे हुकतात आणि हिरवळ कायमची विरळ राहते. थंडीत जमिनीचे तापमान वीस अंशांच्या खाली गेले की उगवण रेंगाळते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत हरळी पेरू नये.

बहुतेक जागा हिरवी झाली की पाण्याची रीत उलटी करायची. आता फेऱ्या कमी आणि प्रत्येक फेरीला पाणी जास्त. दिवसाला एकदा पाच मिलिमीटर, मग आठवड्याभराने एक दिवसाआड दहा, आणि गवत दीड-दोन इंच होऊन पहिली कापणी झाली की आठवड्यातून एक-दोनदा मिळून वीस ते पंचवीस मिलिमीटर. असे का करायचे ते मुळांकडे पाहिले की कळते. वरचा थर सतत ओला मिळाला तर मुळे वरच पसरतात आणि मग मालक दोन दिवस गावाला गेला तरी हिरवळ पिवळी पडते. वरचा थर मधूनमधून सुकू दिला आणि ओल खाली ठेवली तर मुळे खाली जातात. नेमके कधी पाणी द्यायचे ते कॅलेंडरवर ठरवू नये. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. गवताचा रंग निळसर-करडा दिसू लागला किंवा चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहिले, तर पाण्याची वेळ झाली. पहिल्या कापणीच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत यंत्राच्या चाकाबरोबर कोवळी रोपे उपटून येतात.

विंधन विहिरीचे पाणी खारट असेल तर ते उगवणीच्या काळात वापरू नये. वाढलेली हरळी बराच खारटपणा सोसते, अंकुर सोसत नाही. कपडे धुतलेले साबणाचे पाणीही या काळात नको.

इंग्लंड-अमेरिकेच्या थंड भागांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हरळी नव्हे, तर राय, फेस्क्यू किंवा केंटकी ब्लूग्रास पेरावे लागते, आणि ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये. हलक्या पाण्याकडून खोल पाण्याकडे जाण्याची रीत तीच. मात्र मिश्र बियाण्यात राय पाच ते दहा दिवसांत उगवते आणि ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात. रायची हिरवाई पाहून पाणी कमी केले तर ब्लूग्रास येतच नाही.

महाराष्ट्रात पेरणीला सर्वांत चांगला काळ पावसाचा जोर ओसरल्यानंतरचा, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. जमीन उबदार असते, खाली ओल असते आणि बरेचसे पाणी आभाळच देते. कोकणात आणि गोव्यात सप्टेंबरचा शेवट गाठावा. जून-जुलैच्या सरी बी गटारात नेतात. मार्चमध्येही हरळी जोमाने उगवते, पण तेव्हा सगळे पाणी आपल्याला द्यावे लागते. हजार चौरस फुटांना पहिल्या दोन आठवड्यांत साधारण दहा हजार लिटर, आणि नंतर उन्हाळाभर आठवड्याला सुमारे 2,300. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी दिवसाला 135 लिटर आहे. त्या हिशेबाने हे आठवड्याचे पाणी चौघांच्या कुटुंबाला चार दिवसांहून अधिक पुरेल. हिरवळ किती मोठी करायची हे याच आकड्यावर ठरवावे. दोनशे चौरस फुटांची दाट हिरवळ हजार फुटांच्या उघड्या-बोडक्या हिरवळीपेक्षा डोळ्यांना आणि टाकीला दोन्हीला बरी.

मुळे खोल गेलेली हरळी उन्हाळ्यात पाणी तुटले तर पिवळी पडून झोपी जाते, मरत नाही. पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. नवी पेरलेली हरळी मात्र दोन दिवसांची टंचाईही सोसत नाही. गावात पाणीकपात चालू असेल तर बियाणे विकत आणलेले असले तरी पेरू नये. कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात ठेवलेले हरळीचे बी पुढच्या हंगामापर्यंत सहज टिकते.