म्हातारपणाची धाप की दमा?

आमच्या चाळीतल्या एक आजी दोन वर्षे रोज पहाटे तीनला उठून बसायच्या. खोकला आणि छातीत घरघर. विचारले की म्हणायच्या, "वय झालं बाबा, आता असंच चालायचं." घरच्यांनी ते खरे मानले. आम्हीही मानले, ही आमची चूक. अखेर सरकारी इस्पितळात तपासणी झाली, तेव्हा कळले की हा दमा आहे.

दमा लहानपणीच सुरू होतो, हा समज खोटा आहे. साठी-सत्तरीनंतरही तो पहिल्यांदा होऊ शकतो. यात श्वासनलिका सुजतात, आकसतात. त्रास सारखा नसतो. रात्री, पहाटे, थंडीत, धुळीने, फोडणीच्या धुराने तो वाढतो, मध्येच माणूस बरा दिसतो. शिवाय वडीलधारी माणसे धाप लागू नये म्हणून जिना चढणे, बाजारात जाणेच सोडतात. मग आजार झाकला जातो.

पण प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. हृदय कमकुवत झाले तरी रात्री दम लागतो, पाय सुजतात. वर्षानुवर्षे बिडी ओढल्याने किंवा चुलीच्या धुराने फुफ्फुसे निकामी होत जातात. खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयासाठी थुंकी तपासलीच पाहिजे. म्हणून अंदाजाने औषध नको.

दम्याच्या निदानासाठी 'स्पायरोमेट्री' करतात. नळीत जोराने फुंकायचे, श्वासनलिका मोकळी करणारे औषध ओढायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. दुसऱ्या वेळी आकडा बराच सुधारला, तर दम्याची शक्यता वाढते. सुई टोचत नाहीत. मात्र एकदा चाचणी चांगली आली म्हणून दमा नाहीच, असे ठरत नाही.

जाताना चालू औषधे पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब, ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी काहींचा दमा वाढतो. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका. त्रास कधी, कशाने होतो, हे नातवंडांना वहीत लिहायला सांगा. बोलताना वाक्य पुरे होईना, ओठ निळे पडले, तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठा.

पंपाची सवय लागते, ही भीती सोडा. त्यातले थोडेसे औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते. आमच्या आजी आता पंप घेतात आणि रात्रभर झोपतात. त्यांची दोन वर्षांची झोप आपल्या एका शब्दाने गेली : 'वय'. तुमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला, तर आधी तपासणी करा.