मांजर का ओरबाडते?

आपल्या गावात उंदीर आहेत म्हणून घरोघरी मांजर आहे. कणगीतली ज्वारी राखायची तर मांजर हवेच. पण तेच मांजर आजीच्या घोंगडीचे धागे उपसते, सतरंजी फाडते, खाटेचा पाय खरवडते. मग घरातले कुणीतरी चिडून म्हणते, "घाला त्याला पोत्यात अन् सोडा वढ्यापल्याड!" पोतं शोधण्याआधी हे एवढे वाचा.

मांजराच्या पुढच्या एकेका पायाला पाच आणि मागच्या एकेका पायाला चार, अशी सहसा १८ नखे असतात. चालताना ती आत ओढलेली असतात, म्हणून झिजून बोथट होत नाहीत. नखावर पापुद्रे असतात. वरचा जुना पापुद्रा सुटला की खालचे टोकदार नख उघडे होते. तो काढायला मांजर खरखरीत जागा शोधते. जिथे ते ओरबाडते तिथे नीट बघा, नखाच्या आकाराची पोकळ टरफले सापडतील. पुष्कळांना वाटते, नखच तुटले. तसे नाही, साप कात टाकतो तसेच हे.

शिवाय त्याच्या पंजात वासाच्या ग्रंथी असतात. ओरबाडले की वास तिथे लागतो, म्हणजे "ही जागा माझी" अशी खूणच. ताडोबाच्या जंगलात वाघही झाडाच्या बुंध्यावर अशाच खुणा करतो. वाघाला कोण रागावणार! आणि झोपून उठल्यावर मांजर अंग ताणते, तेव्हाही त्याला नखे रोवायला काहीतरी लागते.

म्हणजे ही खोडी नव्हे, गरज आहे. मारून गरज जात नाही. मार खाल्लेले मांजर आपण नसताना ओरबाडते आणि आपल्याला बघून पळते, एवढाच फरक.

त्याला त्याची वेगळी जागा द्यावी. सोप्यातल्या लाकडी खांबाला काथ्याचा सुंभ घट्ट गुंडाळा. जमिनीपासून निदान अडीच फूट तरी हवा, कारण मांजर उभे राहून पुरे ताणले पाहिजे. खांब नसेल तर सालीसकट बाभळीचा ओंडका जमिनीत पक्का पुरा. हलणारा ओंडका मांजर एकदा बघते आणि पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. काही मांजरांना आडवेच ओरबाडायला आवडते, त्यांच्यासाठी जुने तरट जमिनीवर दगडाने दाबून ठेवा. हे सगळे अडगळीत नको, मांजर झोपते तिथे किंवा फाटक्या सतरंजीजवळच हवे. तिथे ओरबाडले की लगेच भाकरीचा तुकडा नाहीतर सुकटीचं एक बोंड द्या. घोंगडी मात्र थोडे दिवस घडी करून दांडीवर टाका.

सतरंजीवर फिनेल किंवा रॉकेल शिंपडू नका. मांजर पंजे चाटते, ते पोटात जाते आणि विषबाधा होते. नखे मुळापासून काढणे तर फारच वाईट, त्यात बोटाचे शेवटचे हाडच कापतात. आपल्याकडच्या मोकळ्या मांजराची टोकेसुद्धा कापू नयेत. कुत्रे मागे लागले तर ते झाडावर चढणार कशाने?

सुंभ पिंजून केसाळ झाला की आई म्हणेल, टाकून दे. टाकू नका! त्याला मांजराचा वास लागलेला असतो, तोच त्याला आवडतो. अगदीच तुटला तर नवा त्याच्यावरूनच गुंडाळा.