फासळ्यांवर पेलायचं वळण

बंगळुरूच्या उत्तरेला, हेन्नूर-बागलूर रस्त्यालगत मेको कार्टोपिया नावाचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत. कठड्याबाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जमिनीला टेकलेली ही चिमुकली गाडी. बसायचं आणि स्टिअरिंग फिरवायचं, यात अंगमेहनत ती कसली? शर्यत संपवून आलेला नवखा मुलगा हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागला की उत्तर मिळतं. त्याची बोटं वळत नसतात.

कारण कार्टच्या बांधणीतच आहे. शर्यतीच्या कार्टला सस्पेन्शन नसतं, पॉवर स्टिअरिंग नसतं आणि सहसा सीट बेल्टही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात. मोटारीत वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरेन्शियल असतो, तोही इथे नाही. त्यामुळे वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं नाही, तर कार्ट सरळच जायला बघतं. ते उचलण्याचं काम पुढच्या चाकांची तिरकी बैठक, थोडी लवणारी चौकट आणि ड्रायव्हरचं वजन मिळून करतात. रिकामं कार्ट साधारण ७५ ते ८० किलोचं. त्यात ७० किलोचा माणूस बसला की जवळपास निम्मं वजन त्याचंच. गाडी कशी वळणार हे त्याच्या बसण्यावरही ठरतं.

आता थोडं गणित. १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० किलोमीटरनं घेतलं, तर शरीर बाजूला ढकललं जातं ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.९ पट जोरानं. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर मानेला जवळपास साडेअकरा किलो आडवे तोलायचे असतात, तेही प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणावर. धड अडवायला असते ती फायबरग्लासच्या कडक सीटची कड. खड्डा किंवा ट्रॅकच्या कडेचा कर्ब लागला की तो दणका थेट फासळ्यांना बसतो. फासळ्यांना मुका मार लागणं, कधी बारीक तडा जाणं, ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. रिब प्रोटेक्टर न घालता कुणालाही ट्रॅकवर सोडू नये.

बोटं न वळण्याला ड्रायव्हर ‘आर्म पंप’ म्हणतात. मूठ सतत आवळलेली राहिली की मनगट ते कोपर या भागातल्या स्नायूंत रक्त साचतं, स्नायू फुगतात. पण त्यांच्याभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही. आत दाब वाढतो, रक्ताची ये-जा अडते, पकड सुटते. नवखा ड्रायव्हर वळणात श्वासही रोखून धरतो, मग दमणूक दुप्पट. म्हणून सरळ पट्ट्यावर आल्यावर मूठ सैल सोडायची आणि पोटातून श्वास सोडायचा, हे मुद्दाम शिकावं लागतं.

कार्टिंगचा हाच पाया घेऊन वर गेलेला बंगळुरूचा मुलगा म्हणजे कुश मैनी. २४ मे २०२५ रोजी त्यानं मोनॅकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली; तिथे ही कामगिरी करणारा तो पहिला भारतीय. फॉर्म्युला टूच्या गाडीलाही पॉवर स्टिअरिंग नसतं. तिथे लागणारे खांदे आणि मनगटं घडायला सुरुवात होते ती कार्टमध्ये.

मग तयारी कशी करायची? त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. पोहणं, सायकल, पळणं यांनी दम वाढतो. बारला लोंबकळल्यानं पकड टिकते, प्लँकनं पोट-कंबर घट्ट होते. मानेसाठी रबरी पट्टा डोक्याला लावून चारही दिशांना हळूहळू रोखून धरायचं. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि त्याच शहरात तालमीही आहेत. मान, खांदे आणि मनगट कमावण्याची विद्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कार्टच्या पोरांनी मुद्गल फिरवायला शिकावं, असं मनापासून वाटतं. वाढत्या वयाच्या मुलांच्या मानेवर जड वजनं मात्र टांगू नयेत.

आणखी एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात घ्यावी. स्पर्धेत कार्ट आणि ड्रायव्हर यांचं मिळून किमान वजन ठरलेलं असतं. हलक्या मुलाच्या सीटला शिशाचे तुकडे बोल्टनं आवळून ते भरून काढतात. उलट मूल जरा भरलं की जादा वजनानं वेग कमी होईल या भीतीनं काही घरांत त्याचं जेवण तोडलं जातं. हे चूक आहे. जाड सूट, हातमोजे आणि हेल्मेटमध्ये घाम वाहून शरीराचं पाणी दोन टक्क्यांनी घटलं, तरी लक्ष ढळू लागतं. त्यात उपाशी पोट म्हणजे अपघाताला आमंत्रण. बंगळुरूची हवा थंड, म्हणून पाण्याची बाटली गाडीतच राहते, तेही नको.

इंजिन आणि टायरवर खर्च करण्याआधी एवढं करा: दहा फेऱ्या मारून आलेल्या मुलाला मूठ पूर्ण वळवून दाखवायला सांगा. वळत नसेल, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा.